कुतूहल आणि वाढते वय

लहान मुलांच्या कुतूहलाकडे वडील माणसे निरनिराळ्या काळी कोणत्या दृष्टीने पाहत आली, याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्याची साधने सरकारी दप्तरखान्यात मिळावयाची नाहीत. त्या त्या काळी मुलांच्या हाती दिलेल्या गोष्टींच्या पुस्तकांतच ती शोधावी लागतील. मूल प्रश्न विचारते, बंद दार दिसले की ढकलून पाहते, आणि असे करता करताच ते वाढते. हा क्रम निसर्गाचा आहे. परंतु त्या प्रश्नाचे आणि त्या दाराचे गोष्टीत फळ काय मिळावे, हे मात्र गोष्ट लिहिणारा प्रौढ मनुष्य ठरवितो. इंग्रजी वाङ्मयात हे फळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर थोड्याच वर्षांत बदलले. तो बदल कसा झाला, आणि ज्यांनी तो घडविला त्यांनाच त्याच्या परिणामाचे भय कसे वाटू लागले, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

जुना न्याय अगदी सरळ होता. फ्रेंच ग्रंथकार शार्ल पेरो याने १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहात निळ्या दाढीच्या श्रीमंताची गोष्ट आहे. नवी नवरी घरात येते. नवरा परगावी जाताना सगळ्या किल्ल्या तिच्या स्वाधीन करतो आणि एक खोली तेवढी उघडू नकोस म्हणून बजावतो. ती अर्थातच उघडते, आणि आत त्याच्या पूर्वीच्या बायकांची प्रेते दृष्टीस पडतात. या प्रकरणी अपराधी कोण, असे कोणाही समंजस माणसास विचारले, तर तो खुनी नवऱ्याकडे बोट दाखवील. पेरोने गोष्टीच्या अखेरीस जोडलेले पहिले तात्पर्य मात्र कुतूहल किती महाग पडते याविषयीचे आहे! आपल्या भाषेतही हा न्याय अपरिचित नाही. मोठ्या माणसाने प्रश्न केला तर ती जिज्ञासा. तोच लहानाने केला तर त्या नसत्या चौकशा.

इंग्लंडात मुलांची पुस्तके छापणे हा स्वतंत्र धंदा बनला तो अठराव्या शतकात. जॉन न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकाने १७४४ साली मुलांकरिता एक छोटेखानी पुस्तक काढले, तेथून त्याचा आरंभ धरण्याची वहिवाट आहे. पुढे बराच काळ हे क्षेत्र बोधकथाकारांच्या ताब्यात राहिले. मिसेस ट्रिमर नावाच्या बाई १८०२ ते १८०६ या काळात मुलांच्या पुस्तकांचे परीक्षण करणारे एक नियतकालिक चालवीत. त्यात पऱ्यांच्या गोष्टींवर वेळोवेळी ठपका ठेवलेला आढळतो, आणि बिचाऱ्या सिंड्रेलाचीही त्यातून सुटका झालेली नाही. या मंडळींस दुष्ट म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मुलांविषयी त्यांना खरी कळकळ होती, आणि मुलगीदेखील स्वतः विचार करण्यास पात्र आहे हे त्यांच्यापैकी कित्येकांनी इतरांच्या आधी ओळखले होते. पण विचार करावयाचा तो एका ठरलेल्या वाटेनेच, असा त्यांचा आग्रह असे.

याचा उत्तम नमुना म्हणजे मारिया एजवर्थ यांची जांभळ्या बरणीची गोष्ट. ती १७९६ साली प्रसिद्ध झाली. रोझामंड नावाची सात वर्षांची मुलगी आईबरोबर लंडनच्या रस्त्याने जात असता औषधविक्याच्या दुकानात एक सुंदर जांभळी बरणी पाहते. तिचे जोडे फाटलेले असतात. आई तिला जोडे किंवा बरणी यांपैकी एक निवडावयास सांगते. बरणी नीट न्याहाळून घे, असेही सुचविते. मुलगी बरणीच घेते. घरी आल्यावर कळते की काच साधी पांढरी, रंग आतल्या दुर्गंधी पाण्याचा. आता महिनाभर फाटक्या जोड्यांत दिवस काढणे आले. धावता येत नाही, नाचता येत नाही. आणि एके दिवशी वडील मुलांना काचेचा कारखाना दाखवावयास नेतात, तेव्हा असले जोडे घातलेली मुलगी आपल्याबरोबर नको म्हणून तिला घरीच ठेवतात. या शेवटावर आम्ही पुष्कळ वेळा थबकलो आहो. ज्या मुलीला काचेच्या रंगाचे एवढे वेड लागले, तिला शिक्षा काय, तर काच कशी होते हे पाहावयास मिळू नये! कुतूहलाला चूक ठरविता ठरविता ज्ञानाचेच दार बंद झाले, हे लेखिकेच्या ध्यानात आले होते की नाही, हे त्या गोष्टीवरून कळत नाही.

हे सारे आपणास परके वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाचा पाया याच मालमसाल्याने घातला गेला. आर्नो बेर्कँ या फ्रेंच लेखकाने १७८२–८३ मध्ये मुलांसाठी बोधपर गोष्टी व संवाद यांची एक माला काढली होती. ती इंग्रजीत आली, आणि इंग्रजीवरून सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ती मराठीत उतरविली. त्यांच्या ‘बाळमित्रा’चा पहिला भाग १८२८ साली निघाला. अर्थात आमच्या मुलांच्या हाती छापील पुस्तक पडले, ते युरोपातील बोधकथेच्या भर अमदानीत. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी ‘बालमित्र’ याच नावाचे मासिक भा. रा. भागवत यांनी चालविले, आणि ॲलिसला ‘जाईची नवलकहाणी’ या रूपाने मराठी घरात आणले तेही त्यांनीच. हा योगायोग असेल. पण नाव तेच राहून मधल्या काळात मित्राचा स्वभाव किती पालटला, हे त्यावरून चांगले दिसते.

तो पालट इंग्लंडात झाला कसा? ग्रिम बंधूंच्या कथा १८२३ साली इंग्रजीत आल्या, अँडरसनच्या १८४६ साली. त्याच वर्षी एडवर्ड लिअर याचे निव्वळ असंबद्ध पद्यांचे पुस्तक निघाले आणि तात्पर्यावाचूनही मुलांस हसविता येते हे लोकांस कळले. पण याहून मोठे कारण आमच्या मते निराळे आहे. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. समुद्रकिनाऱ्यावरचे शिंपले, खडकांतील हाडे, तळ्यातील किडे यांविषयी प्रश्न विचारणे हे आता प्रौढ, प्रतिष्ठित गृहस्थांचे काम झाले होते. ज्या समाजातील वडील माणसे अशा चौकशा करू लागली, त्या समाजात मुलांच्या चौकशांना पूर्वीसारखा दंड करणे अवघड होऊन बसले. चार्ल्स किंग्जली हा याचा साक्षीदार. तो धर्मोपदेशक असून निसर्गशास्त्राचा अभ्यासक होता, आणि डार्विनचे म्हणणे लवकर मान्य करणाऱ्यांपैकी एक होता. त्याच्या ‘वॉटर बेबीज’ या १८६३ सालच्या पुस्तकात धुराडी साफ करणारा टॉम हा पोरगा नदीत पडतो, जलबालक होतो, आणि शेवटी थोर शास्त्रज्ञ होऊन बाहेर येतो. पुस्तकात उपदेश एवढा आहे की अधूनमधून पाने उलटावी लागतात. तरी त्यातील मूल वाढते, आणि पाहत पाहत व शिकत शिकत वाढते, ही गोष्ट नवी होती.

मात्र खरी क्रांती केली ती एका अबोल गणितज्ञाने. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातील गणिताचा अध्यापक चार्ल्स लटविज डॉजसन आणि त्याचा मित्र रॉबिन्सन डकवर्थ हे दोघे महाविद्यालयाचे प्रमुख लिडेल यांच्या तीन मुलींना नावेत घालून टेम्स नदीने गॉडस्टोपर्यंत गेले. मुलींची वये तेरा, दहा आणि आठ. वाटेत सांगितलेली गोष्ट मधल्या मुलीच्या, म्हणजे ॲलिसच्या, हट्टामुळे त्याने लिहून काढली. आणि लुईस कॅरल या टोपणनावाने ती १८६५ च्या नोव्हेंबरात पुस्तकरूपाने बाहेर पडली.

या गोष्टीत ससा धावत गेला याचे ॲलिसला विशेष वाटत नाही. त्याने बंडीच्या खिशातून घड्याळ काढून पाहिले, तेव्हा मात्र ती ताडकन उठते, त्याच्या मागे पळत सुटते, आणि परत कसे यावयाचे याचा विचारही न करता बिळात शिरते. एजवर्थबाईंच्या हाती ही मुलगी सापडती, तर तिचे काय झाले असते याची कल्पना वाचकांनी करावी. येथे तिला शिक्षा होत नाही. उलट ज्यांनी शिक्षा करावयाची त्यांचीच टर उडते. बाटली हाती आल्यावर ती विषाची तर नाही ना, हे ॲलिस आधी पाहून घेते. कारण सांगितलेले न ऐकल्यामुळे भाजलेल्या आणि श्वापदांनी खाल्लेल्या मुलांच्या गोष्टी तिने पुष्कळ वाचलेल्या असतात. आयझॅक वॉट्स याची १७१५ सालची बोधगीते त्या काळी घरोघर मुलांकडून पाठ करून घेत. त्यातील उद्योगी मधमाशीचे गीत ॲलिस म्हणावयास जाते, तो तोंडातून निघते ते मासे गिळणाऱ्या मगरीचे कवन. डचेस तर प्रत्येक गोष्टीचे तात्पर्य काढीत सुटते, आणि एकही तात्पर्य जुळत नाही. शंभर वर्षांच्या बोधवाङ्मयाची इतकी खेळकर आणि इतकी पुरती वाताहत दुसऱ्या कोणी केल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

पण आम्हांस याहून महत्त्वाचे वाटते ते ॲलिसच्या वाढण्याचे प्रकरण. एरवी मुलांच्या गोष्टीत ‘वाढणे’ याचा अर्थ शहाणे होणे एवढाच असे. कॅरलने तो शब्द अक्षरशः घेतला. काही खाल्ले की ॲलिस छपराला टेकते, काही प्याले की टेबलाखाली जाते. एकदा तर तिची मान एवढी लांबते की झाडावरची कबुतरी तिला सर्प समजून भांडावयास उठते. सुरवंट ‘तू कोण?’ म्हणून विचारतो, तेव्हा तिला उत्तर देववत नाही; सकाळपासून इतक्या वेळा बदल झाला की आपण कोण हेच तिला उमजेनासे झालेले असते. ज्यांच्या घरी दहाबारा वर्षांचे मूल आहे, त्यांना हा प्रसंग काल्पनिक वाटणार नाही. काल अंगाला बसणारा सदरा आज बसत नाही. कालपर्यंत मांडीवर चालत होते, आज संकोच वाटतो. आणि मोठ्यांत बसावे तर लहान म्हणून हाकलतात. अळंब्याच्या एका बाजूने वाढावयाचे व दुसऱ्या बाजूने लहान व्हावयाचे हे कळल्यापासून ॲलिस आपल्या उंचीची आपणच मालकीण होऊ लागते. शेवटी न्यायसभेत काहीही न खाता ती आपोआप वाढू लागते. शेजारचा उंदीर कुरकुर करतो. इलाज नाही, असे ती त्यास सांगते. आणि पुरती उंच झाल्यावर, ज्या राणीला सारे थरथरत होते ती केवळ पत्त्यांतली राणी आहे हे तिच्या ध्यानात येते. प्रश्न विचारीत गेलेली मुलगी वाढली, आणि वाढल्यामुळेच तिला भय कोठे बाळगावयाचे कारण नाही ते कळले. येथे कुतूहल आणि वाढ या दोन गोष्टी इंग्रजी बालकथेत प्रथमच एकरूप झाल्या, असे आम्ही समजतो.

मग लेखक संतुष्ट होता काय? नव्हता. दुसरे पुस्तक, आरशातल्या जगाचे, १८७१ च्या अखेरीस आले. तोवर खरी ॲलिस एकोणीस वर्षांची झाली होती. पुस्तकातली मात्र साडेसात वर्षांची. त्यात हम्प्टी डम्प्टी हा अंड्यासारखा गृहस्थ तिला सुनावतो की सातव्या वर्षीच थांबली असतीस तर बरे झाले असते. वाढ कोणाच्या हातची नसते असे ती म्हणाली, तर तो तेही मान्य करीत नाही. हा विनोद ऐकताना अंगावर किंचित काटा येतो. पुढे ॲलिस शेवटचा ओढा ओलांडून राणी व्हावयास निघते. एक प्रेमळ, गबाळा, घोड्यावरून घडोघडी पडणारा म्हातारा सरदार तिला पोचवावयास येतो, आणि मी वळणाआड होईपर्यंत रुमाल हालव, तेवढाच मला धीर, अशी तिला विनंती करतो. त्याला वाटले होते ती रडेल. ती रडत नाही. रुमाल हालविते, आणि ओढ्याकडे पळत सुटते. या म्हाताऱ्यात लेखकाने आपणासच रंगविले आहे, असे पुष्कळ टीकाकार मानतात, आणि आम्हांसही तसेच वाटते. आपल्या दुःखासाठी त्याने ॲलिसचा पाय मागे ओढला नाही, यातच त्याचा मोठेपणा आहे.

ॲलिसचे पुस्तक बाजारात आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ३० डिसेंबर १८६५ रोजी, मुंबईस जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या घरी रड्यार्डचा जन्म झाला. त्याची पहिली वर्षे आया आणि गडी यांच्या गोष्टी व गाणी ऐकण्यात गेली. सहावे वर्ष लागलेले असता, १८७१ मध्ये, आईबापांनी त्याला विलायतेत साउथसी येथे परक्या बाईच्या घरी ठेवले. तेथे त्याच्या बारीकसारीक बोलण्याची उलटतपासणी होई आणि खोटेपणाच्या नावाखाली मार बसे. ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन त्याची १९०२ सालच्या संग्रहातील हत्तीच्या पिल्लाची गोष्ट वाचावी. या पिल्लाला प्रश्न विचारण्याची दांडगी हौस. शहामृग मावशीला विचारले, मार. जिराफ मामाला विचारले, मार. मगर जेवावयास काय खाते असे विचारले, तेव्हा तर सर्वांकडून मार. शेवटी ते लिंपोपो नदीवर जाऊन प्रत्यक्ष मगरीलाच विचारते. ती त्याचे नाक धरते, ओढाताणीत नाक लांबते, आणि जगाला सोंड मिळते. घरी परत येऊन पिल्लू त्याच सोंडेने साऱ्या नातलगांचे पारिपत्य करते. तेव्हापासून मारहाण थांबते. पेरोचा न्याय येथे पुरता उलटला. शिक्षा झाली तेच बक्षीस ठरले. किपलिंगच्या उत्तरवयातील मते आम्हांस मुळीच मानवत नाहीत, तरी या गोष्टीतील मार खाणाऱ्या लेकराविषयीचा पक्षपात अस्सल आहे, हे कबूल केले पाहिजे. या संग्रहातल्या आरंभीच्या गोष्टी त्याने ज्या थोरल्या मुलीला सांगितल्या होत्या, ती जोसेफिन १८९९ साली न्यूयॉर्क येथे सहाव्या वर्षी वारली.

त्याच १९०२ साली जे. एम. बॅरी याच्या एका कादंबरीत पीटर पॅन प्रथम दिसला. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क नाट्यगृहात तो रंगभूमीवर आला, आणि १९११ मध्ये त्याची कथा पुस्तकरूपाने निघाली. आपण मोठे झाल्यावर काय होणार याविषयी आईबाप बोलत आहेत हे ऐकून जन्माच्याच दिवशी घरातून पळालेला हा मुलगा. लोक त्याला बाल्याचा आदर्श समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. पीटरला काही आठवत नाही. एक साहस संपले की ते त्याच्या मनातून पुसले जाते. कॅप्टन हुकला त्याने मारले, पुढे हुक कोण हेच त्याला सांगता येत नाही. टिंकर बेल त्याच्याकरिता विष प्याली, तीही विसरली जाते. ज्याला कालचे उत्तर आज आठवत नाही, त्याच्या प्रश्नाला प्रश्न तरी कसे म्हणावे? मुलाला न वाढविण्यासाठी बॅरीला त्याची स्मृती काढून घ्यावी लागली, आणि स्मृतीबरोबर कुतूहलही गेले. ते उरले वेंडीपाशी. ती उडून जाते, पाहते, परत येते, मोठी होते, आणि आपल्या मुलीला ते सारे सांगते. बॅरी स्वतः प्रामाणिक असल्यामुळे हा हिशेब त्याने लपविला नाही. गोष्टीच्या अखेरीस प्रौढ वेंडीपुढे रडणारा पीटर हा मुलांच्या वाङ्मयातील अत्यंत उदास देखावा आहे. त्याचे मूळही उदासच. बॅरी सहा वर्षांचा असताना, १८६७ च्या जानेवारीत, त्याचा तेरा वर्षांचा भाऊ डेव्हिड बर्फावरच्या अपघातात गेला, आणि तो आता कायमचा मुलगाच राहील, यात आईने समाधान मानले.

ज्या मुलांवरून या गोष्टी निघाल्या, ती मात्र वाढलीच. बॅरीला ज्यांच्या खेळांतून पीटर सुचला, ते ल्युएलिन डेव्हिस कुटुंबातील पाच भाऊ. आईबाप वारल्यावर त्यांचा सांभाळ त्यानेच केला. थोरला जॉर्ज १९१५ साली महायुद्धात पडला. मायकेल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ बुडाला, तोही ज्या टेम्समधून ॲलिसची नाव गेली होती त्याच टेम्समध्ये. ज्याचे नाव नायकाला मिळाले तो पीटर प्रकाशक झाला, जन्मभर त्या नावाला कंटाळला, आणि १९६० साली त्याने लंडनच्या भुयारी आगगाडीखाली देह टाकला. ॲलिसबाईंचे लग्न १८८० मध्ये झाले; त्यांच्या तीन मुलांपैकी दोघे महायुद्धात कामास आले. पतीच्या मृत्यूनंतर, १९२८ साली, त्यांनी डॉजसनने स्वहस्ते लिहून दिलेले मूळ पुस्तक लिलावात काढले. त्याचे १५,४०० पौंड आले. १९३२ मध्ये, कॅरलच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, लंडनच्या एका प्रदर्शनात ऐंशी वर्षांच्या ॲलिसबाई आणि पस्तिशीतले पीटर डेव्हिस यांची गाठ पडली होती. दोन वर्षांनी बाई वारल्या.

ते हस्तलिखित अमेरिकेत गेले होते. १९४८ साली अमेरिकन रसिकांनी ते विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला भेट दिले, आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. १८६४ च्या नोव्हेंबरात डॉजसनने ते ॲलिसला दिले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. शेवटच्या पानाच्या तळाशी त्याने स्वतः घेतलेले तिचे एक लहानसे छायाचित्र चिकटविले होते, आणि ते तिच्या सातव्या वर्षीचे होते. १९७७ मध्ये त्या छायाचित्राखाली त्याने आपल्या हाताने काढलेले ॲलिसचे एक रेखाचित्र झाकलेले आढळले.